वाळलेल्या वेण्यांचा वास

आई, आज दुपारी स्कॅन सेंटरमध्ये पेशंट नव्हते, तेव्हा डॉक्टरांना सांगून मी स्वतःच सीटी मशीनमध्ये जाऊन झोपले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे स्कॅन काढले, आज हाताखालच्या मल्याळी मुलीला म्हटलं, माझ्या सायनसचा काढ. "क्या हुआ मॅडम?" तिने विचारलं. "सर्दी," मी म्हटलं. खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. गेले काही दिवस मला घरात वाळलेल्या वेण्यांचा वास येतोय, आणि घरात एकही फूल नाही.

तू शारजाला आलीस ते मंदीचं वर्ष होतं. अल मजाजचा आमचा टॉवर हळूहळू रिकामा होत चालला होता. समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब सुट्टीला जातो म्हणून गेलं ते गेलंच. दाराबाहेर त्यांच्या चपला तशाच पडलेल्या. तू आल्यापासून त्या बंद दारापाशी जाऊन उभी राहायचीस. "आत फुलं कुजतायत गं. कोणीतरी आहे आत." ह्यांनी किती समजावलं, "आई, जॉब गेला त्यांचा. गाडी एअरपोर्टला टाकून निघून गेले. खलास! आत कोणी नाही." तुझा नातू नाक वर करून हुंगायचा आणि म्हणायचा, "आजी, देअर इज नो स्मेल." पण जेवताना मध्येच घास खाली ठेवून दाराकडे बघायचीस, आणि तुझं पाहून मीही बघायचे. मला तुझी काळजी वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, तुझी भीतीही वाटायला लागली होती. तुझं डोकं फिरतंय की डोक्यात काही वाढतंय, हेच दिवसभर माझ्या मनात.

मग एका सकाळी तुझ्या पदराला रक्ताचा डाग दिसला, डाव्या नाकपुडीतून आलेला. मी तुला तशीच सेंटरवर घेऊन गेले. कुड्या, केसातल्या पिना, गळ्यातली साखळी काढून घेतली आणि सगळ्या बायकांना विचारते तसं विचारलं, "नाकात काही?" तू फणकारलीस. "माझं नाक कोणी टोचलंय कधी? टोचून घ्यायला आई असावी लागते." स्क्रीनवर चित्र उमटलं. तुझ्या डाव्या नाकात, सायनसच्या भिंतीला लागून, एक पांढरा खडबडीत गोळा. त्याच्या मधोमध त्याहून पांढरा ठिपका आणि त्यातून चारी बाजूंना फुटलेल्या रेघा. अशा रेघा फक्त धातूला फुटतात. मला वाटलं, पीन राहिली असेल. आत येऊन तुझे केस चाचपले, पदर झटकला, काही नव्हतं. धातू तुझ्या आत होता.

आमचे तेव्हाचे डॉक्टर हैदराबादचे. स्क्रीनवरचं चित्र पुढेमागे सरकवून त्यांनी पुन्हापुन्हा बघितलं. मग म्हणाले, "देखो, कॅन्सर हड्डी खाता है. इसने हड्डी खाई नहीं, सिर्फ सरकाई है. ये तो पत्थर है, बिनाइन. बचपन में कुछ अंदर गया होगा, उसी पे परत चढती गई." माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी गोळा मोठा करून हळूच फिरवला, आणि आतल्या ठिपक्यावर बारीक आटे दिसले, स्क्रूला असतात तसे. तू माझ्या पाठीशी कधी येऊन उभी राहिलीस कळलंच नाही. "ही आईच्या चमकीची फिरकी," तू म्हणालीस, अगदी साध्या आवाजात.

घरी जाताना गाडीत सगळं सांगितलंस. तुझी आई गेली तेव्हा तू फ्रॉकमधली पोर. तिला हिरवी साडी नेसवली, केसांत वेण्या माळल्या, आणि न्यायच्या आधी बायकांनी अंगावरचं सोनं उतरवलं. चमकी हाती लागली, फिरकी मात्र सापडेना. ती तुझ्या मुठीत होती. "ती घालायची तिथेच मी घातली," एवढंच म्हणालीस. तेव्हापासून त्या वेण्यांचा वास तुला येत-जात राहिला. लहानपणी तुला वाटायचं, तो सगळ्यांनाच येतो. डॉक्टर म्हणत होते, सोपं आहे, दुर्बिणीतून काढून टाकू. मी तुझ्याशी भांडले, हातापाया पडले. "इतकी वर्षं राहिलीय, आता तिला कुठे बाहेर काढतेस?" म्हणालीस, आणि वर, "नाक माझं आहे." त्या दिवसानंतर तू समोरच्या दाराशी गेली नाहीस. वास येत होताच, पण कोणाचा ते तुला कळलं होतं.

पुढे काही वर्षांनी, गावच्या घरी, तू गेलीस, झोपेतच, हृदय थांबून. मी पोचले तेव्हा तुला अंघोळ घालत होते. काकूने विचारलं, "अंगावर काही सोनं राहिलं नाही ना गं?" मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही."

आजच्या स्कॅनमध्ये माझे सायनस स्वच्छ काळे आले, नुसती हवा. "सब क्लीन है मॅडम, मुबारक!" ती मुलगी म्हणाली. मला रडू फुटलं, तिला वाटलं सुटले म्हणून रडतेय. आई, तुला म्हणून सांगते, मला तिथे काहीतरी हवं होतं. एवढासा डागसुद्धा चालला असता.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, ड्रॉवरमध्येच राहील. समोर आता दुसरी माणसं राहतात, दारात त्यांच्या मुलाची सायकल असते. वास अजून येतोय. जरा हवा खेळू दे म्हणून ह्यांनी सकाळी घरभर खिडक्या उघडल्या होत्या. ते ऑफिसला गेल्याबरोबर मी एकेक करून सगळ्या लावून घेतल्या.