स्नेदरबी आडनाव टिकवण्याची मोहीम

३ मार्च १९७८, पहाट.
झोप नाही. काल टेलिफोनचं जाड पुस्तक चाळलं. अख्ख्या लिंकनशायर परगण्यात स्नेदरबी एकच. मीच! म्हणजे मी गेलो की आडनाव गेलं. डोरीन एकुलती एक लेक, आणि ती मे महिन्यात त्या ट्रेव्हर ब्राउनशी लग्न करणार. ब्राउन! गल्लीत दगड भिरकावला तर ब्राउनलाच लागेल.
निश्चय: जावयानेच आमचं आडनाव घ्यायचं. आधी ते किती थोर आहे हे सिद्ध करायचं. आजपासून संशोधन.

९ मार्च.
संशोधन सुरू झालं नाही. गुडघा. पण निष्कर्ष निघाला: आम्ही व्हायकिंग, समुद्र गाजवणारे. आडनावातलं 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेत गाव. स्नेदरबी नावाचं गाव होतं, ते आमच्या मूळ पुरुषाचं. सरदार असणार. मला बोटीत मळमळतं, ते आईकडून आलंय.

२२ मार्च.
लायब्ररीत इतिहासवाल्या पिंचबेकबाई भेटल्या. म्हणाल्या, "मिस्टर स्नेदरबी, गावाचं नाव चिकटतं ते गाव सोडणाऱ्याला. गावात राहणाऱ्याला कोण कशाला तसं म्हणेल? तिथे सगळे तिथलेच." का सोडलं असेल, विचारलं. "पोटासाठी. नाहीतर हाकललं असेल," म्हणाल्या आणि हसल्या.
बाईंचा अभ्यास कच्चा. सरदाराला गाव लहान पडलं, इतकंच.

५ एप्रिल.
बसने वतन पाहायला गेलो. गाव नाही. जवाचं शेत. मधोमध उभा राहून डोळे मिटले, तोच शेतकरी ओरडला, "ओ आजोबा, पिकातून बाहेर व्हा!" इथून हाकलला जाणारा मी पहिलाच. पिंचबेकबाईंच्या मते दुसरा.

१६ एप्रिल, रविवार.
ट्रेव्हर जेवायला. बीफ चिवट. विषय काढला. तो म्हणाला, "वॉल्टर, माझ्या मासळीच्या गाडीवर ब्राउन रंगवून झालंय हो." डोरीन म्हणाली, "डॅड, एक्केचाळीस वर्षं प्रत्येक दुकानात हे नाव दोनदोनदा सांगतेय. आता मला सुखानं ब्राउन होऊ द्या." दोघं हसली.
विचार करताहेत, हे स्पष्ट दिसलं.

२० मे.
लग्न झालं. डोरीन ब्राउन झाली. चर्चच्या दारात मला घट्ट मिठी मारली. माझ्या डोळ्यांत पाणी वाऱ्यामुळे.

६ जून.
डोरीनच्या नव्या घरात कुत्रा चालत नाही, म्हणून तिचा मॉन्टी माझ्याकडे. आज ओकला. जनावरांच्या दवाखान्यात नेला. बाकावर बसतो न बसतो तोच काउंटरवरच्या पोरीने हाक दिली, "मॉन्टी स्नेदरबी!"
ताडकन उठलो. हा काय प्रकार, विचारलं. ती म्हणाली, "अहो आजोबा, आमच्याकडे जनावराला मालकाचंच आडनाव लागतं."
खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. मॉन्टी तीन वर्षांचा. दांडगा. छाती तर अगदी व्हायकिंगची. डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं, याची पिल्लंही स्नेदरबीच ना?
"पिल्लं कुठली, मिस्टर स्नेदरबी?" त्या म्हणाल्या. "डोरीननं मागच्याच वर्षी त्याचं ऑपरेशन करून घेतलंय."
दोघं बसने घरी आलो.