बाबांच्या कानामागची गोचीड

सोमवार, संध्याकाळ. डोंबिवली.

बाबा खडवलीला काकांच्या गोठ्यावर गेलेले. परत आले तर कानामागे गोचीड. मी चिमट्याने अलगद काढली, तपासायला बाटलीत ठेवली. "अगं, एवढ्याशा गोचिडीला काय घाबरतेस? आम्ही नखाने उपटून फेकायचो," म्हणाले.

घाबरू नको तर काय करू? गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूची लागण झालेले उंदीर लॅबमध्ये रोज बघते मी. वरून ठणठणीत, खातात, धावतात, आणि मेंदूच्या लहरींचा आलेख आधीच बिघडलेला. बाबांना हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? प्रत्येक गोचिडीत विषाणू नसतो, माहीत आहे मला. तरी ती कानामागची जागा तीनदा बघितली.

शेवटी न राहवून विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सोमवार. तुला बरं नाही का गं?"