सासुरवाशिणीचा हिरवा ग्रह

६ जाने.
धुकं. समोरच्या घराचं फाटकही दिसत नाही. ऑनलाइन शिकवण्या संपल्या की निखिलचा कॉम्प्युटर आणि खेळातलं माझं अवकाशयान. नवरा, म्हणजे निखिल, नोकरीला भोपाळला, त्यामुळे दोन्ही माझ्या ताब्यात. स्टेशनं फार मागे राहिली. इकडे दुसरे खेळाडू फिरकत नाहीत. म्हणून तर आले.
सासरे (नाना, पुढे नुसतं ना.) पेपर शोधत आले ते मागेच उभे. पडद्यावर निळा तारा.
"ऑफिसचं काम, बेटा?" माझ्या शिकवण्यांना ते ऑफिस म्हणतात.
"हो."
"बढिया ऑफिस आहे."
गेले नाहीत. खुर्ची ओढली.

८ जाने.
नानांना खरं सांगून टाकलं. खेळ आहे. आकाशगंगेत हिंडायचं, दुर्मिळ काही दिसलं तर परत येऊन नोंदवायचं. मारामारी नाही.
"म्हणजे नुसतं फिरायचं? हे तर पेन्शनरांचं काम!"
हजीऱ्याच्या बाजाराला स्कूटरवर जाताना हा माणूस वळण यायच्या आधीपासून हॉर्न वाजवतो. अवकाशात मात्र "पास घे, जवळ. अजून पास घे."
आज कृष्णविवर! मागचे तारे वाकून कडेला ताणले गेलेले. ना.नी चष्मा काढून पुसला. घातला. परत पुसला. "डॉक्टरला दाखवायला पाहिजे." नाना, ते तसंच असतं, म्हटलं. तेवढ्यात यान तापलं. निम्मं खराब. 'पास घे'ची कृपा.

११ जाने.
सापडला!!
वायूचा ग्रह, हिरवागार, आतून उजळलेला. लोक वर्षानुवर्षं हिंडतात, त्यांना दिसत नाही. मी किंचाळले. सासूबाई मटारचं ताट घेऊनच धावत आल्या. "हे? मला वाटलं, पाल पडली."
आता धड स्टेशनला परत जाऊन नोंद केली की ग्रहावर पहिल्यांदा शोधणाऱ्याचं नाव. कायमचं. जगातल्या प्रत्येक खेळाडूला दिसणार. वाटेत यान फुटलं तर सगळं पाण्यात.
ना.: "नाव कुणाचं? तुझं?"
आणि मला आठवलं, खेळात मी काय नाव घेतलंय.
कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत होतंच. ना.नी एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं. "सा-सु-र-वा-शीण."
दारात सासूबाईंचं मटार सोलणं थांबलं.

१२ जाने.
लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातलं नाव. सांगली सुटलेली, इथली हाडं गोठवणारी थंडी, माझ्या 'होय की'ला हसणारे पाहुणे, आणि त्या दिवशी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या आमटीला वरून स्वतःची फोडणी दिली होती. नाव चेष्टेत घेतलं.
निम्मं चेष्टेत.
आज आईंनी आमटी मला करायला सांगितली, दोनदा वाढून घेतली. भीतीच वाटली.

१४ जाने.
संक्रांत. आईंनी हातावर तिळाची गजक ठेवली. "गोड बोला" म्हणाल्या. त्यापुढे दिवसभर काहीच बोलल्या नाहीत.
ना.चा तोडगा: नाव बदल. नोंदीआधी बदलता येतं, नंतर नाही. त्यांनी सुचवलेलं नाव 'सुखी सून'. मी पटकन "नको" म्हटलं. त्यांचा चेहरा असा काही पडला की... अहो नाना, तसं नाही!

१६ जाने.
धीर करून स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होत्या.
"आई, ते नाव..."
"पूर्ण दुनियेला दिसणार म्हणे."
"मी बदलते."
"मी पण होते सासुरवाशीण. बिर्लानगरची एक खोली, त्यात सासू, तीन नणदा. माझं नाव कुणी कशालाच दिलं नाही." कणकेवर दोन गुद्दे. मग, "पण लोक म्हणतील, मी छळते."
"खेळणाऱ्यांना मराठी कुठे येतं, आई."
"निखिलच्या मावशीला येतं."
मावशी कृष्णविवरापर्यंत कशाला येईल, म्हटलं. आईंनी तोंड फिरवलं. हसल्या की काय, कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

१७ जाने.
पार कडेचं एक छोटं स्टेशन समोर आलं. यान कुरकुरतंय, एक धक्का बसला तरी संपलं. नाव बदलायचा चौकोन उघडून ठेवलाय, रिकामा. ना. घामाघूम, जानेवारीत.
आई आज पहिल्यांदाच खुर्ची घेऊन बसल्या.
"सीधं घे बेटा," ना. म्हणाले. "इकडे-तिकडे बिलकूल नाही."
"ते डावीकडे काय लुकलुकतंय गं?" आई.
"माहीत नाही. नकाशातही नाही."
"मग बघून ये ना."
"अगं, यान फुटलं तर ग्रह जाईल!" ना. रडकुंडीला.
"नाव तुमचं लागणार आहे का? तिचं आहे. तिला ठरवू द्या." मग माझ्याकडे न बघता, "मला तर बघायचंय."
मी तो रिकामा चौकोन बंद केला. ना.नी डोळे गच्च मिटले. आईंनी खुर्ची पुढे ओढली.
यान डावीकडे वळवलं.