डोनलची भिंत

बेलमुलेट, ६ नोव्हेंबर

ती. बाबांना एमरचा सा. न. वि. वि.

घर किती ऊब धरतं त्याचा, विकण्याआधीचा ऊर्जेचा दाखला झाला. घरच्याच घराला मला दर्जा देता येत नाही, म्हणून आमच्या कचेरीतला फेलिम आला होता. दुहेरी भिंतीच्या पोकळीत उबेसाठी थर्माकोलचे मणी भरल्याचा कागद नाही, तर तो भिंत रिकामीच धरणार होता. नियम तसाच आहे, मीही रोज लोकांना हेच सांगते. पण आपल्या डोनलदादाने त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात एकट्याने केलेलं काम कागदावाचून वाया जाऊ नये, म्हणून मीच हट्ट धरला की भोक पाडून आत कॅमेरा घाल.

बाबा, भिंत रिकामी आहे. चारही बाजूंनी. दर्जा एफ, खालून दुसरा.

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची एमर

कॅसलबार, ११ नोव्हेंबर

चि. एमरला अ. आ.

आई बिंगो खेळायला गेली आहे, तोवर लिहितो. लहानपणी तू केकचा तुकडासुद्धा पट्टीने मोजून घ्यायचीस, तेव्हा भोक पाडणारच होतीस. भिंत रिकामी आहे हे मला ठाऊक होतं. डोनलची होडी रिकामी परत आली, त्यानंतर महिन्याभराने मला शेडमध्ये मण्यांची पोती सापडली. एकाचंही तोंड उघडलेलं नव्हतं. मी ती गुपचूप टाकून आलो. आई त्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, पोराने घर किती उबदार केलंय. मी दोन स्वेटर घालून हो म्हणायचो. अठरा वर्षं. तिला यातलं काही कळू देऊ नकोस. जाहिरातीत दर्जा छापू नको म्हटलं असतं, पण कायदा ऐकणार नाही आणि तू तर नाहीच.

आठवण ठेव.

तुझे बाबा

कॅसलबार, २० नोव्हेंबर

चि. एमरला अ. आ.

बाबा न्हाव्याकडे गेलेत, तोवर लिहिते. पेपरात घराची जाहिरात पाहिली. फोटो छान आलाय. खाली एफ वाचला. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

इथे नव्या घरात हीटर दिवसभर चालू असतो, तरी बाबा सवयीने दोन स्वेटर घालतात. मी काही म्हणत नाही.

डोनल त्या शुक्रवारी होडी घेऊन निघताना मला सांगून गेला होता. म्हणाला, आई, भिंत भरली अशी बाबांना थाप मारलीय, शनिवारी आलो की भरून टाकतो, मी येईपर्यंत त्यांना सांगू नकोस.

मी अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

येत जा गं.

तुझी आई