नाकापासून दोरीपर्यंत

ती. अक्का,

नमस्कार. तुझे गुडघे आता वळतात की अजून कुरकुरतात? मी ठणठणीत आहे. (डॉक्टर म्हणतात, माणसांशी बोलत जा. कोणाशी, ते लिहून दिलं नाही.)

पत्राला कारण की मी शिकवणी सुरू केली आहे. हसू नकोस. तू आयुष्यभर गणित शिकवलंस आणि मी पोस्टात शिक्के मारले, हे मी विसरलेलो नाही. पण वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, माझी ड्यूटी संपेपर्यंत मुलीचं गणित बघाल का, आणि ही गेल्यापासून आमची बेल दूधवाल्याखेरीज कोणी वाजवत नाही, म्हणून मी हो म्हणून बसलो. पहिलंच गणित निघालं, बिंदूपासून रेषेपर्यंतचं अंतर काढा. रेषा जिथे अक्षाला भेटते तिथवर मी पट्टी लावली (जागा ओळखीची वाटली), उत्तर साडेपाचच्या वर गेलं. पुस्तकात पाच. मी छापखान्याला दोष दिला. मुलगी म्हणाली, "काका, जवळात जवळचं अंतर हवंय. लंब टाकायचा." मला पटेना, तेव्हा तिने कपड्यांची दोरी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत ताणली, मला खुर्चीत बसवून बिंदू केलं आणि शिवणाच्या डब्यातली टेप (डबा हिचा, मी आजवर उघडला नव्हता) माझ्या नाकाला लावून दोरीवरून सरकवू लागली. मान वळवली की बोलणी बसत, बिंदू हलत नसतो म्हणून. टेप दोरीशी काटकोनात आली आणि आकडा सगळ्यांत लहान झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात नर्सबाईंनी दार ढकललं, दोरी सुटली आणि रेषा बिंदूच्या गळ्यात पडली. चष्मा चहात.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"अंतर काढतोय," मी म्हणालो.

त्या हसत सुटल्या, मग बसल्या, चहा घेऊनच गेल्या. विसळायला तीन कप होते. सकाळपर्यंत मी ते तसेच राहू दिले.

तुझा धाकटा
(हल्ली मास्तर)

ता. क. परीक्षेत तिचं ते गणित बरोबर आलं. त्यामुळे आता ती येत नाही. शिकवणीत हाही तोटा असतो, हे तू कधी बोलली नाहीस.

ता. क. आणखी एक. काल ती जिन्यात भेटली. पुढचा धडा वर्तुळाचा, अवघड जातोय म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय, सोमवारपासून ये. अक्का, मला वर्तुळातलं ओ की ठो कळत नाही. पत्रातून समजावू नकोस, डोक्यात शिरायचं नाही. रविवारपर्यंत तूच ये. गादी उन्हात टाकली आहे.