होय म्हणजे नाही

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडले की मला अजून तुमच्याशीच बोलावंसं वाटतं. आठवीत नागरिकशास्त्राच्या तासाला मी विचारलं होतं, घटना बदलायची तर थेट लोकांनाच का विचारत नाहीत? तुम्ही फळ्यावरून वळून म्हणालात, "त्यासाठी संसद आहे. आणि शंभर जणांना विचारून एकाचा हक्क ठरवायचा का गं? बस खाली." मी बसले, पण पटलं नव्हतं.

सिंगापूरला येण्याआधी आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत होतो. ह्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, मी नाही घेतलं. मुलगा तिथेच राहिला. त्याला ज्याच्याशी लग्न करायचंय तोही मुलगाच आहे, हे त्याने सांगितलं आणि तेव्हापासून हे त्याच्याशी फक्त वाढदिवसाला बोलतात. अशात ह्यांची मतपत्रिका टपालाने सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या कॉन्डोत आली. अमेरिकेतल्या आमच्या जुन्या राज्याची घटना बदलायची होती, आणि बाई, तिथे ते खरोखर मतदारांना विचारतात! मला आधी आनंदच झाला. मग प्रश्न वाचला. एवढं लांबलचक वाक्य, की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरावी.

शनिवारची सकाळ. हे कॉफी पीत भराभर खुणा करतायत. धरण, शाळा, तुरुंग, एकामागून एक प्रश्न. त्या प्रश्नावर मी त्यांचा हात धरला.

"अहो, तो आपल्या मुलासारख्यांच्या लग्नाचा आहे."

"मग होय म्हणजे लग्नाला होय ना?"

"नाही! होय म्हणजे बंदीला होय. लग्न होऊ द्यायचं तर नाही म्हणायचं!"

"हे कसलं लिहिणं? मग रिकामाच ठेवतो," म्हणत त्यांनी पेन खाली ठेवलं. माझं डोकंच फिरलं. मला मत नाही, ज्याला आहे तो रिकामं ठेवतोय! मी सरळ मुलाला फोन लावला. त्याच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ होती. हा प्रश्न तिथवर आला तरी कसा, विचारलं.

"आई, बंदी हवी असणाऱ्यांनी सुपरमार्केटच्या दारात टेबल टाकून सह्या गोळा केल्या. पुरेशा झाल्या की तो मतपत्रिकेवर येतो." वर म्हणाला, "मलाही विचारलं होतं त्यांनी. व्हेरी पोलाइट होते."

मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी मतपत्रिका पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "'नाही'वर खूण केली म्हणजे तुला हवंय तसं होईल, बरोबर?"

त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. ह्यांनी पेन उचललं, नाहीवर खूण केली आणि मग कितीतरी वेळ दोघं तिथल्या हवेबद्दल बोलत होते.

तरीही दुरुस्ती मंजूर झाली, बंदी आलीच. त्या रात्री मुलगा फोनवर रडला नाही, उलट मलाच समजावत राहिला, त्याचा मला जास्त राग आला. तुमचं म्हणणं बरोबर निघालं म्हणून तुमचाही आला. लोकांना विचारू नये असं मी अजूनही म्हणणार नाही, पण असं विचारतात का कोणी?

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून लिहिते. तो माझा मुलगा नसता, तर ते वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलं नसतं.