बाबूजी, धोंडा रंगवायला नेलेला नाही

प्रिय बाबूजी,

तुम्ही देवाघरी गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. बागेतून घरी आलो की अंगात त्राण उरत नाही, म्हणून राहून गेलं. पण काल सुखराम काका मुर्रीला आपल्या घरी आले. तुमच्या हमालांच्या टोळीतले आता तेवढेच चालते-फिरते राहिलेत. मायने दिलेला चहा अर्धाच प्याले आणि मला म्हणाले, "धोंडा आला का रे? मी थकून राहिलो आता."

येईल, म्हटलं. पुन्हा खोटं बोललो.

तुमचा रेल्वेचा मालधक्का मी पोरपणी डबा घेऊन येताना पाहिलाय. मालगाडीचा रेक लागला की वाघिणीतून तांदळाचे कट्टे, भरलेली पोती, निघायची, आणि तलावाच्या कडेला तो छातीएवढा उभा धोंडा. त्याच्यावर कट्टा टेकवायचा, तलावाचं पाणी तोंडावर मारायचं आणि कुणाला हाक न मारता पुन्हा खांद्यावर घ्यायचा. काम कायमचं सोडणाऱ्याने शेवटचा कट्टा त्याच धोंड्यावर ठेवायचा आणि तो दुसऱ्या कुणीतरी उचलायचा, ही तुमच्या टोळीची रीत. ठेवणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही, असंही तुम्हीच सांगितलं होतं.

धक्का गावाबाहेर गेला तेव्हा तुमची टोळी एका दिवसात फुटली. शेवटचा कट्टा ठेवायचा राहिला तो राहिलाच. त्याच जागेवर बाग होणार आणि ठेकेदाराकडे मी सुपरवायझर, म्हणून तुम्ही किती खूश होतात! "धोंड्याकडे ध्यान ठेवजो," एवढंच सांगितलंत.

काय ध्यान ठेवलं मी? इंजिनिअर साहेबांनी धोंड्यावर हात ठेवून विचारलं, "ये किसका है? देव-बिव तो नहीं?" माझे बाबूजी ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये होते, असं मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो. धोंडा कुणाचा ते सांगायचं तर मला कसं ठाऊक तेही सांगावं लागलं असतं. इस्त्रीचा शर्ट होता अंगात, बाबूजी. मी म्हटलं, "नहीं साहब, ऐसे ही पडा है." तो उखडायला जेसीबीला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुम्ही मला न सांगता का आलात? आधी सांगितलं असतं तर काहीतरी कारण काढून थांबवलं असतं. बाग उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी खांद्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन तुम्ही फाटकात उभे, आणि वॉचमन म्हणतोय सामान आत नेता येत नाही. मी धावत आलो, गाठोडं तुमच्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि घरी चला म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावरून पलीकडे तलावाकडे पाहत होतात.

"धोंडा कुठी गेला रे?"

"रंगवायला नेला."

"बरं. आला का सांगजो."

बस, एवढंच. पोरपणी पाच रुपयांसाठी खोटं बोललो तर कानाखाली वाजवणारे तुम्ही, त्या दिवशी काही बोलला नाहीत. संध्याकाळी मायने तोच तांदूळ शिजवला आणि मी पोटभर जेवलो. तुम्ही भूक नाही म्हणालात. त्यानंतर बागेचं नावही काढलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, बाबूजी? की खरंच वाट पाहत होतात? हा एक प्रश्न मला झोपू देत नाही.

काल काका जाताना म्हणाले, टोळीतल्या कुणी कुणी धोंडा चोरीला गेला म्हणतात. पण तुम्ही त्यांना ठणकावून सांगितलं होतं, "रंगवाले नेला. आपला पोट्टा खोटं नाही बोलत." फार लाज वाटली.

धोंडा कुठे गेला नाही. तलावाचा काठ बांधताना बाकीच्या दगडांत आडवा टाकून सिमेंटने बसवलाय. कट्ट्यांनी झिजलेली बाजू पाण्याकडे आहे, म्हणून कुणाला कळत नाही. फिरायला येणारे त्याच्यावर पाय देऊन बुटांच्या नाड्या बांधतात. मी रोज तिथून जातो.

रविवारी काकांना बागेत घेऊन जातो. त्यांचा शेवटचा कट्टाही आत येईल, वॉचमनशी मी बोलेन, आणि साहेब असले तर माझे बाबूजी इथेच हमाल होते हेही सांगेन. मग काकांना धोंडा दाखवीन आणि कुणी काढायला लावला ते सांगेन. आडवा धोंडा फार खाली आहे, काकांना तेवढं वाकता येत नाही. त्यांनी कट्टा माझ्या खांद्यावर ठेवला तर मी घेईन. नाही ठेवला, चार माणसांत शिव्या दिल्या, तर त्या ऐकून घेईन. तुम्ही त्या दिवशी दिल्या नाहीत, त्याही.

तुमचा,
रमेश